ओतून दिलेलं आसव

लहानांनो आणि थोरांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. ते राज्य डोंगराच्या उतरणीवर होतं. खाली नदी होती आणि नदीच्या पलीकडे दुसरं राज्य होतं.

उतरणीवर द्राक्षांचे मळे होते. मळ्यांची देखरेख सटवाजी नावाचा माणूस करायचा. त्या द्राक्षांचं जे आसव व्हायचं, ते राजाच्या तळघरात ठेवलेलं असायचं, आणि त्या तळघराच्या किल्ल्या सटवाजीच्या बायकोकडे, रेवाक्काकडे असायच्या.

एका वर्षी द्राक्षं पिकली आणि नेमकं त्याच आठवड्यात नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण पेटलं. तोडणीला येणारी माणसं भाले घेऊन नदीकाठी गेली. मळ्यात घड तसेच लोंबत राहिले. सकाळी नदीवरून धुकं वर चढायचं, दुपारी ऊन तापायचं. मणी आधी मऊ पडले, मग सुरकुतले, मग त्यांच्यावर राखाडी बुरशी धरली. येणारे-जाणारे म्हणायचे, यंदाचं पीक गेलं.

सटवाजीने एक सुरकुतलेला मणी तोंडात टाकला आणि बराच वेळ तो चघळत उभा राहिला.

"रेवा," तो म्हणाला, "हे नासलेलं नाही. ह्यातलं पाणी तेवढं गेलंय."

मग त्या दोघांनी आणि गावात मागे राहिलेल्या चार-दोन म्हाताऱ्यांनी मिळून तोडणी केली. एकेक मणी निवडून घ्यावा लागला. एका वेलीचा रस निघायचा जेमतेम पेलाभर, तोही मधासारखा दाट. सगळी थंडी तो रस हळूहळू फसफसत राहिला आणि मग आपला आपणच थांबला. गोडी मात्र त्यात भरपूर राहिली होती. त्याच्या चारशे बाटल्या भरल्या.

राजा तेव्हा तरुण होता. त्याने घोटभर चाखून पाहिलं आणि तो हसला.

"सटवाजी, ही तर काकवी झाली! पण असू दे. युद्ध संपेल त्या दिवशी हे उघडू. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

राजासमोर सटवाजी काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने बायकोला सांगितलं, "दोन महिन्यांत ह्याचं काहीच व्हायचं नाही. ह्याला पुष्कळ वर्षं लागतील. बाटल्या आडव्या ठेव, म्हणजे बुचं ओली राहतील. उजेड नको, धक्का नको."

रेवाक्काने तसंच केलं.

दोन महिन्यांचं युद्ध दोन वर्षं चाललं, मग पाच वर्षं. मोठी लढाई अशी क्वचितच व्हायची. दर उन्हाळ्यात माणसं नदीकाठी जायची आणि पावसाच्या तोंडाशी त्यांतली काही परत यायची. तिसऱ्या वर्षी जे परत आले नाहीत, त्यांत सटवाजी होता. त्याने बायकोला बाटल्या कशा ठेवायच्या ते सांगितलं होतं, पण एक गोष्ट सांगायची राहून गेली. असं गोड आसव कोवळं असताना नुसतं गोड लागतं. मग मधली काही वर्षं ते अगदी मुकं होतं. ना त्याला वास, ना चव. आत काही उरलंच नाही असं वाटतं. ती वर्षं जाऊ दिली, तर पुढे कधीतरी ते पुन्हा बोलू लागतं. हे सटवाजीला ठाऊक होतं. त्याच्यामागे ते ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही.

बाराव्या वर्षी पलीकडच्या राजाने दूत पाठवला. नदीवरचा पूल जाळला गेला होता, म्हणून दूत लांबचा वळसा घेऊन अकरा दिवस घोड्यावरून आला. चाळिशीचा, नीटनेटका, मोजकं बोलणारा माणूस. दरबारात सगळ्यांच्या मनात आशा जागी झाली. राजा कित्येक रात्री धड झोपला नव्हता. त्याचे डोळे लाल होते, पण आवाजात उत्साह आणून तो म्हणाला, "रेवाक्का, आपलं ते आसव काढ."

रेवाक्काने बारा वर्षं त्या बाटल्या जपल्या होत्या. तिने पहिली बाटली पुसली, बूच काढलं आणि दूताच्या पेल्यात आसव ओतलं. रंग छान सोनेरी होता. 

दूताने पेला नाकाशी नेला. ओल्या फडक्यासारखा वास आला. त्याने घोट घेतला. गोडी एकीकडे, आंबटपणा दुसरीकडे. एका घरात अबोला धरलेल्या दोन जावा असाव्यात, तसं. बाकी काहीच नाही. त्याने पेला खाली ठेवला.

"महाराज," तो म्हणाला, "आमच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देतात, पण ते ताजं असतं."

 राजाने आपल्या पेल्यातलं चाखलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग बोलणी झाली, पण कोरडीच झाली. दुपार कलायच्या आत दूताने घोडा मागवला.

तो गेल्यावर राजाने रेवाक्काला बोलावलं.

"ते सगळं ओतून टाक. त्यातली एकही बाटली मला पुन्हा दिसता कामा नये."

रेवाक्काला बोलता आलं असतं. 'महाराज, आज तुम्ही दमलायत, चार दिवस जाऊ द्या,' एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. राजा तिचं ऐकायचा. पण तीही दमली होती. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम म्हणून बारा वर्षं तिने जे सांभाळलं, त्याने चारचौघांत तिला मान खाली घालायला लावली होती. तिला वाटलं, सुटले एकदाची ह्या ओझ्यातून.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने ओतायला सुरुवात केली. तळघराला बत्तीस पायऱ्या होत्या. एका टोपलीत सहा बाटल्या मावायच्या. टोपली वर आणायची, मुदपाकखान्यामागच्या गटारापाशी बसायचं, एकेक बूच काढायचं आणि बाटली पालथी करायची. आसव दाट होतं, ते सावकाश जायचं. रेवाक्का बघत बसायची. पहिल्या दिवशी तिला रडू आलं. तिसऱ्या दिवशी आलं नाही. पाचव्या दिवशी तिच्या मनात एवढंच होतं, की गुडघे फार दुखतायत.

असे नऊ दिवस गेले. अडीचशेहून जास्त बाटल्या रिकाम्या झाल्या. दहाव्या दिवशी टोपली घेऊन ती खाली उतरली, शेवटच्या पायरीवर टेकली आणि तिला उठवेना.

"उद्या करीन," ती स्वतःशी म्हणाली.

उद्या ती आली नाही. परवाही आली नाही. राजाने विचारलं नाही, कारण तो पुन्हा नदीकाठी गेला होता. लहानांनो, तुम्हाला वाटेल की रेवाक्काने धैर्य दाखवून त्या बाटल्या वाचवल्या. तसं काही नव्हतं. तिचे गुडघे दुखत होते म्हणून त्या राहिल्या.

आणखी वर्षं गेली. विसाव्या वर्षी पलीकडच्या लोकांनी डोंगरावरचे मळे जाळले. त्याआधी इकडच्यांनी त्यांची भातं जाळली होती. त्याच वर्षी रेवाक्काला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण तिला वास येईनासा झाला तो कायमचाच. फोडणी जळली तरी तिला कळायचं नाही. भांडण कशावरून सुरू झालं हे तरुणांना ठाऊक नव्हतं आणि म्हाताऱ्यांना आठवायचा कंटाळा यायचा.

उन्हाळ्याच्या दुपारी रेवाक्का गारव्याला म्हणून तळघरात जाऊन बसायची. उरलेल्या बाटल्या कोपऱ्यात आडव्या पडून असायच्या. कधीतरी ती दिव्याच्या उजेडात त्यांच्याकडे बघायची. सोनेरी रंग जाऊन तांबूस झाला होता. मग तो मुरलेल्या गुळासारखा झाला. बाटल्यांमधलं आसव बोटभर खाली गेलं होतं. तिला वाटायचं, नासलं असणार. एकदा एका बाटलीचं बूच सुकून पाझरलं, तेव्हा तिथे मुंग्यांची लांबच लांब रांग लागली. तिने ती बाटली बाजूला केली आणि बाकीच्यांची जी बुचं कमजोर दिसली, त्यांच्यावर मेण लावलं. का लावलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. हाताला सवय होती एवढंच.

पस्तिसाव्या वर्षी नदीपलीकडून पुन्हा दूत आला. तोच दूत. ह्या वेळी घोड्यावर नव्हता. त्याला घोड्यावर बसवत नव्हतं. दोन माणसं त्याला डोलीत घालून घेऊन आली. सोबत नजराणा नव्हता, घोडेस्वार नव्हते. नदी आता उन्हाळ्यात पायी ओलांडता यायची, इतकं तिचं पाणी आटलं होतं.

तो पोहोचला त्या दिवशी राजाने सांगितलं, "आज काही बोलायचं नाही. आधी झोपा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले. राजाच्याही मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मुदपाकखान्यात भाकरी होती, लसणाची चटणी होती, आणि थोडं ताक. राजाने ताटाकडे पाहिलं आणि तो ओशाळला.

"रेवाक्का, पाहुण्यांपुढे ठेवायला घरात आणखी काहीच नाही का गं?"

रेवाक्का दाराशी उभी होती. ती मग पुढे आली.

"महाराज, एक सांगायचंय. तुम्ही ओतायला सांगितलं होतं ना, ते आसव थोडं शिल्लक आहे. मी तुमचा हुकूम पुरा केला नाही."

"का?"

"दमले होते."

राजा तिच्याकडे बघत राहिला. रागवायला लागणारी ताकद त्याच्यात आता उरली नव्हती. दूत मात्र किंचित हसला.

"आणा, बाई," तो म्हणाला. "मागच्या वेळेपेक्षा वाईट तर लागणार नाही."

रेवाक्काने बाटली आणली. बूच निम्म्यात तुटलं. उरलेलं तिने सुरीच्या टोकाने हळूहळू काढलं. तळाशी गाळ बसला होता, तो हलू न देता तिने दोन पेले भरले. तिला काही वास येत नव्हता. पण दारात उभे असलेले डोलीवाले एकदम आत बघू लागले, हे तिला दिसलं.

दूताने पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. मग डोळे मिटून एक घोट घेतला. राजानेही घेतला. 

त्या घोटात सुकवलेल्या जर्दाळूंची चव होती, भाजलेल्या बदामांची होती, संत्र्याच्या सालीची होती, केशराची होती. गोडी गेली नव्हती, पण ती आता पुढे पुढे करत नव्हती. आंबटपणा तिच्यात असा मिसळून गेला होता, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. घोट गिळून झाला तरी चव तोंडात रेंगाळत राहिली.

"हे दुसरं आहे," दूत म्हणाला.

"तेच आहे," रेवाक्का म्हणाली.

"ह्यात काय घातलंत?"

"काही नाही घातलं. ते आतच होतं."

दूताने पेला खाली ठेवला. 

"महाराज, त्या दिवशी मी इथून गेलो आणि आमच्या राजाला काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हटलं, त्या लोकांपाशी देण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांचं आसवही मेलेलं आहे. आसवामुळे मी असं बोललो, असं मी म्हणणार नाही. अकरा दिवस घोड्यावर होतो. पाठ मोडली होती. मला घरी जायचं होतं, आणि घरी जायला एक कारण हवं होतं. ते मला त्या पेल्यात मिळालं."

राजा म्हणाला, "आणि मलाही ते मिळालं. तुम्ही पेला खाली ठेवलात आणि मला बरं वाटलं. आता बोलायचे कष्ट नकोत, असं वाटलं."

"तेवीस वर्षं झाली त्याला," दूत म्हणाला.

 रेवाक्काने दोघांच्या पेल्यांत आणखी थोडं आसव ओतलं.

आठ दिवसांत तह झाला. बोलणी करताना दोघांपैकी कोणी थकला तर ते थांबायचे, झोपायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. नदीचं पाणी वाटून घ्यायचं ठरलं. इतकं सोपं होतं ते, की ऐकणाऱ्यांना रडावं की हसावं ते कळेना.

तह झाल्यावर राजाने ठरवलं, की नदीच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक गावाला ह्या आसवाची एक बाटली द्यायची. युद्ध संपलं की उघडायचं म्हणून ते ठेवलं होतं, तर ज्यांनी युद्ध सोसलं त्यांनी ते उघडावं.

बाटल्या गाड्यांवर गवतात गुंडाळून रवाना झाल्या. एकोणीस गावं राहिली. तळघरात आता काहीच उरलं नव्हतं.

"त्यांना धान्य देऊ," राजा म्हणाला.

"द्या," रेवाक्का म्हणाली. "पण त्यांना सांगायला मी जाते."

"काय सांगणार?"

"काय झालं ते."

राजाने तिला बैलगाडी दिली. ती म्हातारी बाई, दुखरे गुडघे घेऊन, एकेका गावाला गेली. पारावर लोक जमायचे. ती सांगायची, "तुमच्या गावाच्या वाटणीची बाटली मी माझ्या हाताने गटारात ओतली. तेव्हा ते आसव मुकं होतं. मला वाटलं, ते संपलं. मी दमले होते, म्हणून मी थांबा असं म्हटलं नाही. दूतही दमला होता, राजाही दमला होता. आम्हा तिघांपैकी एकानेही म्हटलं नाही की उद्या बघू."

काही गावांत लोकांना ती काय म्हणते तेच कळायचं नाही. एका गावात एक माणूस म्हणाला, "आजी, आम्हाला कुठे आसवातलं कळतंय? धान्य आणलंस ते बरं केलंस." कुठे कोणी तिला वेडी म्हणालं. ती पुढच्या गावाला जायची.

नदीपलीकडच्या एका गावात ती बोलली, तेव्हा माणसं पांगली, पण एक बाई तिथेच उभी राहिली. साठीची असेल. तिने विचारलं, "दूत पहिल्यांदा आला, त्याला किती वर्षं झाली?"

"तेवीस."

बाईने बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"माझा धाकटा तेव्हा पाळण्यात होता," ती म्हणाली. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात नदीवर गेला. आला नाही."

रेवाक्काने हात जोडले. ते जोडलेले हात तिला खाली घेता येईनात. त्या बाईने शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. तिथे पाराच्या कडेला उन्हात दोघी खूप वेळ उभ्या राहिल्या. मग त्या बाईने रेवाक्काच्या पायांकडे पाहिलं. गुडघे सुजले होते.

"बस," ती म्हणाली. "दमलीयस तू. पाणी आणते."

रेवाक्का परत आली ती फार बोलेनाशी झाली. राजाने विचारलं तेव्हा तिने त्या बाईचं एवढंच सांगितलं. राजा ऐकून घेऊन उठून गेला. पण त्यानंतर त्याच्या दरबारात एक रीत पडली. कोणाला काढून टाकायचं असो, काही मोडायचं असो, कुठलंही बोलणं तोडायचं असो, निकाल तोंडातून निघण्याआधी कोणीतरी उठून त्याला विचारायचं, "महाराज, आज दमला आहात का?" आणि राजा हो म्हणाला, की ती गोष्ट दुसऱ्या दिवसावर जायची. पलीकडच्या राजानेही पुढे ही रीत उचलली. दोन्ही राज्यांत त्यानंतर पुष्कळ भांडणं झाली, पण नदीकाठी पुन्हा कोणी भाला घेऊन गेलं नाही.

तात्पर्य: दमलेल्या मनाने कोणतीही गोष्ट संपली असं ठरवू नये.